एका गुहेचे परीक्षण

परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट सुखानं बघता येत नाही, असं आमच्या हिचं ठाम मत आहे. बँकेत नोकरी करता करता मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत बत्तीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहिली. बँकेनं मला वेळेवर निवृत्त केलं. पुरवणीला अजून ते सुचलेलं नाही. एवढ्या वर्षांत माणसाला काही ना काही खोड जडतेच. कुणाला तपकिरीची जडते, कुणाला अध्यक्षपदाची. मला 'सारखं'ची जडली. म्हणजे समोर काहीही आलं, की ते कशासारखं आहे हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कादंबरी आली की ती अथांग डोहासारखी, कथासंग्रह आला की तो पावसाच्या पहिल्या सरीसारखा आणि कवितासंग्रह आला की (कवी ओळखीचा असेल तर) चांदण्यासारखा. पुढं पुढं ही खोड स्वयंपाकघरात शिरली. आमटीचा भुरका मारून मी "छान झालीय" असं कधी म्हणत नाही. "तुझ्या आईच्या आमटीच्या जवळ जाते" असं म्हणतो. त्यावर ही म्हणते, "जवळ जाऊन परत आली असेल तर मीठ हवंय का तेवढं सांगा."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमची बोर्राच्या गुहेची सहल.

दिवाळी उरकून आम्ही दोघं विशाखापट्टणमला लेकीकडे गेलो होतो. लेक आणि जावई दोघंही नोकरी करतात, आणि चौदा महिन्यांचा नातू त्या दोघांना पुरून उरतो. आजी-आजोबा होणं ही निवृत्तीनंतरची नोकरीच आहे. फरक एवढाच, की हिच्यात हक्काची रजा नाही, युनियन नाही आणि साहेब रात्री अडीच वाजताही उठवतो. संक्रांत करून परत जायचं असं ठरलं होतं. पण संक्रांतीच्या आधी लेक म्हणाली, "आई, तू अजून सहा महिने राहा ना. बाबांना इथं करमत नाही, त्यांनी जावं हवं तर."

मी ताबडतोब मोठ्या मनाचा झालो. पुण्याचं घर बंद आहे, सोसायटीची सभा आहे, पुरवणीवाल्यांचे फोन येताहेत, अशी कारणं एकामागून एक सांगितली आणि ३ फेब्रुवारीचं एक तिकीट काढून टाकलं. एकच. हिला म्हटलं, "सहा महिने म्हणजे काय गं, नाटकाच्या दोन अंकांमधल्या मध्यंतरासारखे." ही काही बोलली नाही. नातवाचं दुपटं घडी करत होती, ते तिनं पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी केलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका शनिवारी जावई म्हणाले, "आज आम्ही दोघं घरी आहोत. तुम्ही दिवसभर कुठंतरी फिरून या." तीन महिन्यांत पहिल्यांदाच आम्हाला जोडीनं रजा मिळत होती. मी म्हटलं, समुद्रावर जाऊ. ही म्हणाली, "समुद्र रोज गॅलरीतून दिसतो. मला ती बोर्राची गुहा बघायचीय."

आता कुठंही जायचं म्हटलं, की माणसं पाण्याची बाटली आणि टोपी घेतात. मी संदर्भ घेतो. आदल्या रात्री मी गुहांविषयीची तीन पुस्तकं मनात उजळून ठेवली. पहिलं ज्यूल व्हर्नचं, पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाचं, १८६४ सालचं. व्हर्न मी लहानपणी भा. रा. भागवतांच्या मराठीत वाचला, त्यामुळं तो फ्रेंच होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दुसरं मार्क ट्वेनचं 'टॉम सॉयर', १८७६ सालचं. तिसरं ई. एम. फॉर्स्टरचं 'अ पॅसेज टु इंडिया', १९२४ सालचं. हिनं दोन बाटल्या पाणी, दोन टोप्या आणि डब्यात चार गूळपोळ्या घेतल्या.

विशाखापट्टणमहून किरंदूलकडे जाणाऱ्या रेल्वेनं बोर्राला जाता येतं. बैलाडिलाचं लोहखनिज बंदरापर्यंत आणायला १९६०च्या दशकात हा मार्ग बांधला. अनंतगिरीच्या डोंगरांतून गाडी चढत जाते आणि वाटेत बोगद्यांमागून बोगदे लागतात. प्रत्येक बोगद्यात डब्यातली तमाम पोरं आणि त्यांचे बाप एकदम किंचाळतात. मी बोगदे मोजायला घेतले होते. सतराव्यानंतर शेजारच्या बाईंनी इडली पुढं केली आणि मोजदाद बुडाली. मधेच मी हिला म्हटलं, "हे बोगदे म्हणजे दीर्घ कवितेतल्या—" तेवढ्यात अठरावा आला आणि माझं वाक्य किंचाळ्यांत गेलं. ही खिडकीकडे तोंड करून हसत होती, असं काचेत दिसलं.

गंमत म्हणजे ज्या रुळांवरून आपण जातो ते गुहेच्या वरच्या डोंगरावरून जातात. म्हणजे आपण आधी गुहेच्या डोक्यावरून जातो आणि मग उतरून तिच्या पोटात शिरतो.

मराठी माणसाला गुहा म्हटलं की लेणं आठवतं. त्यात त्याची चूक नाही. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. या काळ्या कातळात जागा करायची तर छिन्नी-हातोडा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या खपावं लागतं; तेव्हा कुठं कार्ले होतं, अजिंठा होतो. बोर्राचा डोंगर चुनखडीचा. इथं छिन्नीचं काम पाण्यानं केलं आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायॉक्साइड पोटात घेतं, किंचित आम्ल होतं, आणि चुनखडी विरघळवत खाली झिरपतं. त्यातून पोकळी होते. मग तेच पाणी पोकळीच्या छतातून थेंबाथेंबानं गळतं, गळताना तो वायू सोडून देतं आणि विरघळवून आणलेला चुना कणाकणानं मागं ठेवतं. छताकडून खाली वाढतात ते अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वर वाढतात ते ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. हे मी पायऱ्या उतरता उतरता हिला सांगितलं. ही म्हणाली, "लवण म्हणजे मीठच ना?" मी म्हटलं, "रसायनशास्त्रातलं लवण. आमटीतलं नव्हे." ती म्हणाली, "मग तुम्हाला त्यातलं कसं कळतं?"

गुहेचं तोंड प्रचंड आहे. एखाद्या—नाही, उपमा देत नाही. प्रचंड आहे. आत पायऱ्या उतरत जातात, खोली सुमारे ८० मीटर भरते. छताला एक भोक आहे, त्यातून दिवसाचा उजेड खाली येतो. गावातले लोक सांगतात, की फार पूर्वी या भोकातून एक गाय आत पडली. गुराखी शोधत शोधत आत आला, तर गाय जिवंत, आणि जवळच एक शिवलिंगासारखा दगड. ते लिंग आजही तिथं आहे आणि शिवरात्रीला लोक दर्शनाला येतात. इथून निघणाऱ्या नदीचं नाव गोस्तनी. गायीच्या आचळांवरून. ती पुढं भीमुनिपट्टणमजवळ समुद्राला मिळते. कथा ऐकून मी या आख्यायिकेच्या प्रतीकांचा विचार करू लागलो. ही म्हणाली, "पण गाईला बाहेर कशी काढली, ते कोणीच सांगत नाही."

बत्तीस वर्षं परीक्षणं मी लिहिली. पण कथेतली फट हिला आधी दिसते.

दुसरी एक कथा छापील आहे. ही गुहा १८०७ साली जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या एका साहेबानं शोधली, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. जिऑलॉजिकल सर्व्हेची स्थापना झाली १८५१ साली. तेव्हा हा साहेब खात्याच्या जन्माआधी चव्वेचाळीस वर्षं कामावर रुजू झाला होता असं दिसतं. सरकारी नोकरीत उशिरा येणारे मी पुष्कळ पाहिले, इतक्या लवकर येणारा हा पहिलाच. गाईच्या कथेत निदान सनावळी नाही.

दारातच आम्हाला गाइड भेटला. पंचविशीतला पोरगा, हातात लांब पल्ल्याची बॅटरी, तोंडात तेलुगू वळणाची भरधाव हिंदी. बॅटरीचा झोत पहिल्याच खडकावर टाकून तो म्हणाला, "सार, शिव-पार्वती!" पुढच्या खडकावर झोत. "मेडम, मा और बच्चा!" पुढं. "ऋषी का दाढी!" "मगरमच्छ!" "मशरूम!" "मनुष्य का दिमाग!"

मला गहिवरून आलं. इतक्या दूर, इतक्या खोल, मला माझ्या धंद्यातला माणूस भेटला होता.

कारण आम्ही परीक्षक तरी दुसरं काय करतो? अंधारात कुणीतरी वर्षानुवर्षं थेंबथेंब साचवून काहीतरी उभं केलेलं असतं. आम्ही हातातला झोत त्यावर टाकतो आणि ओरडतो, "मगरमच्छ!" वाचक म्हणतो, "हो की हो, अगदी मगर." आणि पुढच्या खडकाकडे जातो. एकदा मगर म्हटल्यावर तो खडक पुन्हा खडक म्हणून दिसत नाही. आमच्यात असतात तसे इथंही पंथ आहेत. ज्या दगडाला आमचा गाइड ऋषीची दाढी म्हणाला, तोच दगड मागून आलेल्या घोळक्याला दुसऱ्या गाइडनं हत्ती की सोंड म्हणून दाखवला. दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी साहित्य संमेलनात पाहिलेली आहे.

आणि दिवे! लाल, निळे, हिरवे. जिथं दगडाला स्वतःचा रंग आहे तिथं त्याला दुसऱ्याचा रंग लावायचा, हीसुद्धा परीक्षणाचीच रीत. त्यात दिव्यांचा आणखी एक तोटा आहे. दिव्याच्या उजेडात ओल्या दगडावर हिरवं शेवाळ धरतं. जगभरच्या पर्यटनाच्या गुहांना हा रोग आहे. फ्रान्समधली लास्को ही चित्रांची गुहा तर बघणाऱ्यांच्या श्वासानंच खराब व्हायला लागली, म्हणून १९६३ साली लोकांना बंद करावी लागली. आणि वाढत्या लवणस्तंभाला नुसता हात लावला तरी हाताचं तेल त्याला लागतं आणि तिथं चुना नीट धरत नाही. नवोदितांची परीक्षणं लिहायला बसणाऱ्यांनी हे वाक्य कापून टेबलाच्या काचेखाली ठेवावं, अशी माझी सूचना आहे.

ही सगळ्याकडे शांतपणे बघत होती. गाइड म्हणाला, "मेडम, शिव-पार्वती दिखा?" ही म्हणाली, "पत्थर दिखा. अच्छा है." पोराचा चेहरा पडला. मी त्याची बाजू घेतली. म्हटलं, "अगं, जरा कल्पना वापर." ती म्हणाली, "कल्पना वापरायची तर घरी बसूनही वापरता येते. एवढ्या पायऱ्या कशाला उतरायच्या?"

इथं मला माझे तीन संदर्भ आठवले, आणि हिच्या या एका वाक्यानं मी त्यांची परीक्षा घ्यायची असं ठरवलं. कोण पायऱ्या उतरून लिहितो आणि कोण घरी बसून?

व्हर्न घरी बसून लिहितो. त्याचे लोक आइसलंडच्या एका विझलेल्या ज्वालामुखीतून आत शिरतात आणि इटलीजवळच्या स्ट्रॉम्बोलीतून बाहेर पडतात. वाटेत प्रोफेसर लिडेनब्रॉक दिसेल त्या खडकाचं नाव आणि वय सांगत सुटतो. तो आमच्या गाइडचा शास्त्रीय अवतार आहे. 'मगरमच्छ'ऐवजी तो एखाद्या भूस्तराचं नाव घेतो, एवढंच. पण त्याच पुस्तकात एक जागा अशी आहे की तिथं व्हर्नला खरोखर गुहा सापडते. पुतण्या अ‍ॅक्सेल वाट चुकतो, त्याचा दिवा विझतो. मिट्ट काळोख. आणि भिंतीला कान लावल्यावर त्याला खडकातून काकाचा आवाज येतो. मग दोघं एकमेकांना हाका मारतात आणि आवाज पोचायला किती वेळ लागतो यावरून आपल्यात अंतर किती आहे ते मोजतात. अख्ख्या पुस्तकातले राक्षसी प्राणी आणि पाताळातला समुद्र मी विसरलो, पण दोन माणसं काळोखात आवाजानं अंतर मोजताहेत हे विसरलो नाही. तिथं 'कशासारखं' नाही. तिथं फक्त हाक आहे आणि उत्तर यायला लागणारा वेळ आहे.

फॉर्स्टर मोठा लेखक, त्याच्याबद्दल जपून बोललं पाहिजे. त्याच्या माराबार गुहा बिहारमधल्या बराबरच्या गुहांवरून घेतलेल्या. त्या गुहा म्हणजे आपल्या भाषेत लेणी. ग्रॅनाइटमध्ये कोरलेली, आतून आरशासारखी घोटलेली, अशोकाच्या काळात आजीविक साधूंना दान दिलेली. तिथं प्रतिध्वनी येणारच. कादंबरीत तो प्रतिध्वनी असा आहे, की आत काहीही बोला, परत एकच ठोकळ आवाज येतो. चांगलं-वाईट, शिवी-स्तोत्र, सगळं सारखं. म्हाताऱ्या मिसेस मूर यांचं त्या आवाजानं जगावरचं मनच उडतं. पण मला जास्त आठवते ती अ‍ॅडेला. गुहेकडे चढताना, वाटेतच, तिच्या लक्षात येतं की ज्याच्याशी आपलं लग्न ठरलंय त्याच्यावर आपलं प्रेम नाही. त्यानंतर ती गुहेत शिरते. आत काय झालं ते फॉर्स्टर शेवटपर्यंत सांगत नाही, पण त्यावरून कोर्टकचेरी होते आणि शहर पेटतं. परीक्षकांनी या गुहेवर इतके दिवे सोडले आहेत की विचारू नका: ती शून्य आहे, ती साम्राज्य आहे, ती भारत आहे. माझं आता मत झालं आहे की गुहेत काय झालं यापेक्षा वाटेत काय झालं ते महत्त्वाचं. मनातला साधा प्रश्न तिनं ज्याला विचारायचा त्याला विचारला नाही, आणि तो काळोखात बरोबर घेऊन गेली.

हा मुद्दा मी हिला सांगणार होतो. पण ही पुढं गेली होती.

पायऱ्यांच्या एका वळणाआड, दिव्यांची रांग जिथं संपते तिथं, ही मान वर करून उभी होती. छतातून बोटाएवढा एक लवणस्तंभ लोंबत होता. त्याच्या टोकाला एक थेंब. ही म्हणाली, "हा पडतो का बघू या." आम्ही बघत राहिलो. थेंब फुगत होता. गाइड म्हणाला, "सार, उधर बाघ है." ही म्हणाली, "रुको." मी मनगटावरचं घड्याळ बघायला लागलो. तिनं घड्याळावर हात ठेवला.

थेंब पडला. टोकाला दुसरा धरला.

मला ट्वेन आठवला. टॉम सॉयरमध्ये खलनायक इंजन जो गुहेत कोंडला जाऊन उपाशी मरतो. मरण्याआधी त्यानं एका लवणस्तंभाखाली दगड ठेवून त्यात खळगा केलेला असतो, वरून गळणारा थेंब धरायला. दिवसाला चमचाभर पाणी. आणि ट्वेनसारखा थट्टेखोर माणूस तिथं थबकतो आणि म्हणतो, की हा थेंब पिरॅमिड नवे होते तेव्हाही पडत होता. गुहेचं इतकं खरं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. कारण त्यात मगर नाही, ऋषी नाही. थेंब आहे, चमचा आहे, तहान आहे. एक लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास वाढतो. शंभर वर्षांत जेमतेम सेंटिमीटर. हा हिशेब ज्याला कळला त्याला उपमेची गरज पडत नाही.

मी हिला म्हटलं, "बघ, शंभर वर्षांत सेंटिमीटर. आपला संसारही तसाच, थेंबाथेंबानं—"

"संसाराला मधे आणू नका," ही म्हणाली. मग गाइडकडे वळून, "भैया, बॅटरी जरा बंद करता है क्या?"

पोरानं बावचळून बॅटरी बंद केली. पूर्ण काळोख झाला असं मी म्हणणार नाही. वळणापलीकडच्या दिव्यांची पिवळट साय भिंतीवर होती. पण हिचा चेहरा दिसत नव्हता. वर वटवाघळांची कुजबुज होती. दूर कुठल्या तरी शाळेची पोरं ओरडली, आवाज ओल्या भिंतींनी पिऊन टाकला. फॉर्स्टरचा प्रतिध्वनी इथं नव्हता. जे बोलाल ते बोलल्या जागीच राहत होतं.

ही म्हणाली, "तीन तारखेला तुम्ही जाणार. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "हे बघ, हे म्हणजे एखाद्या—"

"कशासारखं ते नको. काय वाटतं ते सांगा."

वाचकहो, बत्तीस वर्षांत मी सातशेच्या वर परीक्षणं लिहिली असतील. एकदाही मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. तोंड उघडावं तर एक 'जणू' बाहेर येई, ते गिळावं तर मागून 'सारखं' येई. मधे एक थेंब पडला. तो पडलेला ऐकू आला.

मी म्हटलं, "मला एकट्याला घरी जायचं नाहीये."

थोडा वेळ काहीच नाही. व्हर्नच्या हिशेबानं आमच्यातलं अंतर बरंच निघालं असतं. मग ही म्हणाली, "मग तिकीट कशाला काढलंत?"

"तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठं? मध्यंतर म्हणालात."

"लेक म्हणाली मला करमत नाही."

"ते तिला वाटतं. तुम्हाला नाही करमत?"

"करमतं. फक्त रात्री अडीच वाजता नाही करमत."

ही हसली. हिचं हसू मला काळोखात ओळखता येतं ही माहिती मला नवीन नव्हती, पण बरेच दिवस वापरात नव्हती. मग तिनं सांगितलं, की एप्रिलमध्ये विहीणबाई येणारच आहेत, तोवर दोघं राहू आणि मग दोघं जाऊ, असं ती पहिल्या दिवसापासून म्हणणार होती. पण मी इतक्या घाईनं मोठ्या मनाचा झालो, की तिला वाटलं याला खरंच सुटायचंय. सहा महिने एकटीनं राहायचं म्हणून ती रात्री जागी असायची. मला वाटायचं नातवामुळं. मी म्हटलं, "सोसायटीची सभा?" ती म्हणाली, "तुमच्यावाचून ती वेळेवर संपेल."

पोरानं विचारलं, "सार, लाइट चालू?" लाइट चालू झाला. झोत सवयीनं समोरच्या खडकावर गेला, आणि पोरगा सवयीनं काहीतरी म्हणायला गेला, पण आमच्याकडे बघून थांबला. त्या खडकाचं नाव मला अजून माहीत नाही. चांगला खडक होता.

बाहेर आल्यावर ठरल्या पैशांच्या वर त्यानं वीस रुपये जास्त मागितले. कशाबद्दल म्हणून विचारलं, तर बॅटरी बंद ठेवल्याबद्दल. मी निमूट दिले. न लिहिलेल्या ओळींचं मानधन मागायचं मला बत्तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

टॉम सॉयरमध्ये आणखी एक जागा आहे. टॉम आणि बेकी गुहेत हरवतात, मेणबत्त्या संपत येतात, आणि टॉम खिशातून सहलीतला जपून ठेवलेला केकचा तुकडा काढतो. दोघं तो वाटून खातात, आणि त्या दोन पोरांना आपल्या लग्नाच्या केकची आठवण होते. लग्न झालेलं नाही, होणार की नाही माहीत नाही, बाहेर पडू की नाही हेही माहीत नाही. पण तुकडा वाटून घेतलाय. आम्ही गुहेबाहेर बांबूत शिजवलेल्या कोंबडीच्या टपऱ्यांशेजारी एका कट्ट्यावर बसून गूळपोळीचा डबा उघडला. ट्वेनच्या गुहेत माकडं नव्हती, बोर्राला आहेत. चारातल्या दोन पोळ्या एकानं डोळ्यांदेखत उचलल्या. उरलेल्या दोन आम्ही निम्म्या निम्म्या केल्या. खरं तर एकेक घेतली असती तरी हिशेब तोच होता. पण हिनं निम्म्याच केल्या.

मी पहिला घास खाल्ला. ही माझ्याकडे बघत होती.

"छान झालीय," मी म्हटलं.

"कुणासारखी?"

"छान झालीय," मी पुन्हा म्हटलं. ही समाधानानं तूप लागलेली बोटं पुसायला लागली.

परीक्षणाच्या शेवटी पुस्तकाचा तपशील द्यायची पद्धत आहे, ती मोडत नाही. बोर्राची गुहा, लेखक : पाणी, आवृत्ती पहिली, अजून अपूर्ण. मांडणी उत्तम, पण रंगीत दिव्यांची सजावट लेखकाची नाही. पुढच्या आवृत्तीत ती काढून साधे दिवे ठेवावेत. प्रस्तावनेतलं १८०७ साल तपासून घ्यावं. गाय बाहेर कशी आली, याचा खुलासा व्हावा. खोली सुमारे ८० मीटर. मूल्य : एका परतीच्या तिकिटाची रद्द-आकारणी, अधिक वीस रुपये. जोडप्यांनी जरूर पाहावी. शक्य असेल तर बॅटरी बंद करून.